अंगणवाडी, पाळणाघर आणि आहारविधी : वैद्याने काय शिकवावे?

बालकाच्या आहाराचा विषय निघाला की आपल्या मनासमोर माता आणि तिचे स्वयंपाकघर उभे राहते. कौमारभृत्याचे आपले सर्व उपदेशही बहुधा मातेस उद्देशूनच असतात. परंतु आज महाराष्ट्रातील असंख्य बालके दिवसाचा मोठा भाग घराबाहेर घालवितात. खेड्यात व वस्तीत अंगणवाडी असते, शहरात पाळणाघर असते. त्या वेळात त्यांना जेवू घालणारी व्यक्ती माता नसून सेविका, मदतनीस अथवा पाळणाघरातील ताई असते. मातेला केलेला उपदेश या व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही, आणि आपणही तिच्याकडे क्वचितच जातो. बालकांच्या पोषणात आयुर्वेदाने काही भर घालावयाची असेल तर ती सर्वप्रथम या ठिकाणी घालावयास हवी, आणि ती औषधाने नव्हे तर आहारविधीच्या शिक्षणाने घालावी, असे आमचे मत आहे. वैद्यबंधुभगिनींसमोर व औषधालयचालकांसमोर या मताचे विवेचन प्रस्तुत लेखात करीत आहोत.

प्रश्नाचे स्वरूप

२०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी ३६.१ टक्के बालके वयाच्या मानाने कमी वजनाची, तर ३५.२ टक्के वयाच्या मानाने कमी उंचीची आढळली. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या, म्हणजे ज्यांना आपण कृश म्हणू अशा बालकांचे प्रमाण २५.६ टक्के होते. देशाची सरासरी या बाबतीत १९.३ टक्के होती. म्हणजे प्रगत म्हणविणाऱ्या आपल्या राज्यात दर चार बालकांमागे एक कृश आढळले. त्यातील तीव्र कृश बालके एकूण बालकांच्या १०.९ टक्के होती. हे आकडे केवळ दुर्गम आदिवासी भागातून आलेले नाहीत. आपल्या चिकित्सालयाच्या बाकावर बसलेली मुलेही त्यांत आहेत.

व्यवस्था नाही असे मात्र म्हणता येणार नाही. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली व पुढे गावोगाव पोहोचली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकास अंगणवाडीतून पूरक आहार मिळण्याचा हक्क दिला. प्रतिदिनी ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने हे सर्वसाधारण बालकाचे प्रमाण. कुपोषित बालकास ८०० उष्मांक व २० ते २५ ग्रॅम प्रथिने. तीन वर्षांपर्यंतच्या बालकांना घरी नेण्याचा शिधा, आणि तीन ते सहा वर्षांच्या बालकांना सकाळची न्याहारी व गरम ताजा आहार अशी योजना आहे. जानेवारी २०२३ मध्ये या प्रमाणांत सुधारणा होऊन सूक्ष्म पोषकद्रव्ये व आहारातील विविधता यांचाही विचार त्यांत आला.

म्हणजे ‘काय’ आणि ‘किती’ यांचे उत्तर शासनाने दिलेले आहे. परंतु तक्त्यातील उष्मांक थाळीत येतातच असे नाही, आणि थाळीतील अन्न बालकाच्या पोटात जाऊन अंगी लागतेच असेही नाही. तक्ता आणि धातू यांच्यामधील हे जे अंतर, तेच आपल्या शास्त्राचे क्षेत्र आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. पदवी परीक्षेत आपण सर्वांनी ती पाठ केली आहेत. अंगणवाडीच्या चुलीपाशी उभे राहून ती पुन्हा वाचली असता त्यांतून प्रशिक्षणाचा संपूर्ण अभ्यासक्रम मिळतो.

प्रकृती आणि राशी

राशीचे सर्वग्रह व परिग्रह असे दोन भेद चरकांनी केले आहेत. सर्व अन्नाचे एकत्रित माप तो सर्वग्रह, आणि प्रत्येक घटकाचे वेगळे माप तो परिग्रह. अंगणवाडीत बहुधा सर्वग्रहाकडेच लक्ष असते. पातेले भरले, वाट्या भरल्या की काम झाले असे वाटते. त्या वाटीत डाळ किती, तेल किती, हे पाहिले जात नाही.

एक हिशेब उदाहरणादाखल देतो. ६० ग्रॅम तांदूळ, २५ ग्रॅम मूगडाळ आणि ८ ग्रॅम तेल यांची खिचडी केली तर सुमारे ३७० उष्मांक व १० ग्रॅम प्रथिने मिळतात. न्याहारीस १५ ग्रॅम शेंगदाण्याचे कूट आणि १२ ग्रॅम गूळ यांचा लाडू दिला तर सुमारे १३० उष्मांक व साधारण ४ ग्रॅम प्रथिने त्यात जमा होतात. अशा रीतीने ५०० उष्मांक व १४ ग्रॅम प्रथिने पूर्ण होतात, भाजी त्याव्यतिरिक्त. याच खिचडीत डाळ अर्धी केली आणि तेल केवळ फोडणीपुरते दाखविले, तर पातेले तितकेच भरलेले दिसते. परंतु बालकाच्या वाट्याचे उष्मांक शंभराच्या आसपास व प्रथिने तीन ग्रॅमने घटतात. सेविकेला उष्मांक शिकविण्याची गरज नाही. ‘दोन वाट्या तांदळाला एक लहान वाटी डाळ आणि प्रत्येक मुलामागे दोन लहान चमचे तेल’ असे माप तिच्याच भांड्यांनी तिच्यासमोर करून दाखवावे. मापाची भांडी एकदा ठरली की काम सोपे होते.

प्रकृतीच्या बाबतीत, म्हणजे द्रव्याच्या स्वाभाविक गुरुलाघवाच्या बाबतीत, मूग, मसूर व तूर यांचा क्रम सांगावा. हरभरा व वाटाणा द्यावयाचा तर भिजवून, मऊ शिजवून, थोड्या मात्रेत द्यावा.

करण : पातळ पेजेचा प्रश्न

संस्काराने गुणान्तर होते हा आपला सिद्धान्त आहे. बालकाच्या आहारात त्याचा सर्वांत मोठा उपयोग पातळपणाच्या प्रश्नात होतो. दहा किलो वजनाच्या बालकाच्या पोटात एका वेळी सुमारे ३०० मिलिलिटर अन्न मावते. शार्ङ्गधरांनी विलेपीस चौपट आणि मंडास चौदापट पाणी सांगितले आहे. मंड आणि पेया आजारातून उठणाऱ्यासाठी, अग्नी मंद असतानाच्या थोड्या काळासाठी आहेत. तोच पातळपणा निरोगी बालकाच्या रोजच्या जेवणात आला तर पोट पाण्याने भरते, मूल ‘पुरे’ म्हणते, आणि सर्वांना वाटते की ते जेवले. अन्न पळीवरून हळूहळू घसरावे, पाण्यासारखे ओघळू नये, ही खूण सेविकेस द्यावी.

घट्ट अन्न लहान मुलास गिळवत नाही, म्हणून ते पातळ केले जाते, हेही खरे आहे. त्यावर उपाय आपल्या घराघरांत होताच. नाचणीला मोड आणून, ती वाळवून, मंद भाजून दळावी. शिजवून किंचित निववलेल्या घट्ट पेजेत हे पीठ चमचाभर ढवळले की मोडांतील पाचक घटकामुळे पेज काही मिनिटांत सैल होते. मग तिला पुन्हा एक उकळी द्यावी. पाणी न वाढविता पेज गिळण्याजोगी होते, म्हणजे त्याच वाटीत अधिक पीठ मावते. भाजल्याने लाघव येते, भिजवल्याने व मोड आणल्याने द्विदल धान्याचा विष्टंभ कमी होतो; हे सर्व संस्कार सेविकेच्या आजीला ठाऊक होते. त्यांमागील कारण आपण सांगितले तर ते टिकतील.

येथेच एक दक्षता सांगणे अगत्याचे आहे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. ते श्वासमार्गात अडकण्याचा धोका असतो. कूट करूनच द्यावे.

संयोग : शास्त्र आणि भीती

तांदूळ व डाळ यांचा संयोग परस्परपूरक आहे. पालेभाजीवर लिंबू पिळल्याने तिच्यातील लोह अधिक शोषले जाते. जेवणासोबतचा चहा ते शोषण घटवितो. पाळणाघरात दुपारी मुलांना चहा-बिस्किट देण्याची रीत आढळते, ती बंद करावयास सांगावे.

विरुद्धाहाराबाबत मात्र आपण तारतम्य ठेवले पाहिजे. दूध आणि केळे दोन्ही पोषक आहेत व दोन्ही अनेक ठिकाणी मुलांना दिली जातात. ‘हे विरुद्ध आहे’ एवढेच सांगून वैद्य निघून गेला तर परिणाम एकच होतो : दोहोंपैकी एक बंद पडते. त्याऐवजी एक सकाळी व दुसरे जेवणानंतर काही वेळाने द्यावे, असे सांगावे. निषेध सांगताना पर्याय सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.

अंड्याविषयीही असेच. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून राज्याच्या आदिवासी भागात बालकांना अंडी देण्याची तरतूद झाली. आपल्यापैकी काहींना आयुर्वेदाच्या नावाने अंड्यास विरोध करावासा वाटतो. चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात कोंबडीसह अनेक पक्ष्यांच्या अंड्यांचे वर्णन असून ती सद्योबलकर म्हटली आहेत. ज्या कुटुंबात अंडे चालत नाही तेथे केळे वा अन्य पर्याय आहेच. परंतु वैद्याची वैयक्तिक आवडनिवड शास्त्राच्या नावाने कृश बालकावर लादू नये.

देश आणि काल

देशाचा विचार करताना कोकणात नाचणी, मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्रात ज्वारी-बाजरी, मावळात व कोकणात तांदूळ असा द्रव्यविचार करावा. जे जवळ पिकते ते ताजे व स्वस्त मिळते, आणि मुलांना ते घरीही मिळत असल्याने सात्म्य असते. देश म्हणजे बालक जेथे आहे तो परिसरही. ऊसतोडणीसाठी आईबापांबरोबर फडावर गेलेले मूल गावच्या अंगणवाडीतून वजा होते आणि कारखान्याच्या परिसरातील अंगणवाडीत त्याची नोंद होतेच असे नाही. कारखान्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्याने या मुलांची नोंद झाली आहे काय एवढे विचारले तरी काही मुलांचा आहार पुन्हा सुरू होईल.

कालाचे नित्यग व आवस्थिक असे दोन प्रकार आहेत. नित्यग कालात ऋतू येतो : पावसाळ्यात ताजे, उष्ण, सुंठ-जिरे घातलेले अन्न, उन्हाळ्यात शिजविलेले अन्न फार वेळ न ठेवणे. आवस्थिक कालात वय व आजार येतो. सुश्रुतांनी एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद व पुढे अन्नाद असे भेद केले आहेत, आणि सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न सुरू करण्यास सांगितले आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर पूरक आहार व त्यासह स्तनपान, या आजच्या सर्वमान्य उपदेशाशी हे जुळते.

अतिसारात मुलाचे अन्न तोडण्याची चाल अजून आहे, आणि ‘लंघन’ या शब्दाने आपण कधी कधी तिला बळ देतो. वाग्भटांनी बालकांची गणना बृंहणास योग्य असणाऱ्यांत केली आहे, हे विसरता कामा नये. अतिसार झालेल्या बालकास जलसंजीवनी व झिंक यांसह मऊ भात, मुगाचे यूष व स्तनपान चालूच ठेवावे. बरे झाल्यावर काही दिवस एक जेवण अधिक द्यावे. आजारानंतरचा हा पंधरवडा दुर्लक्षित राहिला की मूल एक पायरी खाली घसरते, आणि पुढील आजार त्याला आणखी एक पायरी खाली नेतो.

उपयोगसंस्था आणि उपयोक्ता

उष्ण, स्निग्ध, योग्य मात्रेत, आधीचे जिरल्यावर, फार घाईने नाही, फार सावकाशीनेही नाही, मनाजोग्या स्थळी, अन्नात मन ठेवून : चरकांच्या या नियमांचे बालगृहातील भाषांतर सोपे आहे. साबणाने हात धुवावेत. सर्वांनी एकत्र मांडी घालून बसावे. प्रत्येकाची वाटी वेगळी असावी, म्हणजे कोणी किती खाल्ले ते कळते. दूरचित्रवाणी वा भ्रमणध्वनी समोर नसावा. जेवणाच्या आधी तासभर बिस्किट-वेफर्स देऊ नयेत. पाळणाघरांत भूक न लागण्याचे हे वारंवार आढळणारे कारण आहे.

उपयोक्त्यावर ओकसात्म्य अवलंबून असते. नवी भाजी पहिल्या दिवशी मूल थुंकून टाकते, आणि ‘त्याला आवडत नाही’ असा शिक्का बसतो. सात्म्य हे अभ्यासाने येते. तीच भाजी थोड्या मात्रेत आठ-दहा वेळा समोर यावी लागते. जबरदस्ती, आमिष व धाक हे तिन्ही वर्ज्य. अन्न कोणते व केव्हा हे वाढणारी ठरवील. किती खावयाचे हे मुलाच्या अग्नीवर सोपवावे. मात्र जे मूल दिवसेंदिवस वाटी अर्धी ठेवते त्याचे नाव लिहून ठेवावे. ते मूल तपासणीचे आहे.

आपल्या मर्यादा

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, दोन्ही पायांवर दाबल्यास खड्डा पडणारी सूज असेल, अथवा उंचीच्या मानाने वजन अतिशय कमी असेल, तर ते तीव्र कुपोषण होय. अशा बालकाला ताप, अतिसार, गळून जाणे किंवा भूक पूर्ण मंदावणे यांपैकी काही असेल तर त्याची जागा रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात आहे, आपल्या औषधालयात नव्हे. फक्क, बालशोष, पारिगर्भिक या निदानांचा अभ्यास आपण अवश्य करावा. परंतु त्या नावांखाली असे मूल महिनाभर चूर्णावर ठेवणे अक्षम्य आहे.

अंगणवाडीतून व आरोग्यसेवेतून सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांस आठवड्यातून दोनदा लोहयुक्त पातळ औषध देण्याचा कार्यक्रम आहे. त्याविरुद्ध बोलू नये. मल काळा होतो म्हणून माता ते थांबवितात. ‘हे स्वाभाविक आहे’ असा दिलासा वैद्याच्या तोंडून गेला तर तो अधिक मानला जातो.

मधाचा प्रश्न नाजूक आहे. आपल्या लेहनपरंपरेत मध आहे. परंतु मधातील काही जीवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बालकास क्वचित, पण जीवघेणा असा पक्षाघातसदृश विकार होऊ शकतो, हे आता सिद्ध आहे. म्हणून एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि पाळणाघरांना तसेच सांगावे. सुवर्णप्राशनाची शिबिरे घेणाऱ्या सहव्यवसायींना आमचा एकच प्रश्न आहे : शिबिरास आलेल्या प्रत्येक बालकाचे वजन, उंची व दंडघेर आपण मोजता काय? रांगेत उभ्या असलेल्या कृश बालकाला थेंब देऊन परत पाठविणे हे कौमारभृत्य नव्हे.

प्रशिक्षण कसे द्यावे

महिला व बालविकास मंत्रालय आणि आयुष मंत्रालय यांच्यात सप्टेंबर २०२० मध्ये पोषणविषयक सामंजस्य करार झाला. २०१८ पासून सप्टेंबर महिना राष्ट्रीय पोषण माह म्हणून पाळला जातो. म्हणजे दार उघडे आहे. आत जाण्यापूर्वी बाल विकास प्रकल्प अधिकारी व पर्यवेक्षिका यांची अनुमती घ्यावी. पहिल्या दिवशी काहीही न शिकविता एक पूर्ण जेवण केवळ पाहावे : माप, शिजविणे, वाढणे, उरलेले अन्न. सेविकेवर नोंदवह्या, पोषण ट्रॅकर, लसीकरण, गृहभेटी यांचा भार असतो. आपण तिच्या कामात भर घालावयास आलो नसून ते सुकर करण्यास आलो आहोत, हे आपल्या वागण्यातून दिसावे. तिच्या हातच्या चांगल्या रीती आधी सांगाव्यात.

त्यानंतर एकेका तासाची चार सत्रे पुरेशी होतात. पहिल्यात माप व घट्टपणा, दुसऱ्यात भिजविणे, मोड आणणे व भाजणे, तिसऱ्यात जेवू घालण्याची रीत व स्वच्छता, चौथ्यात आजारी मुलाचा आहार व पाठवणीची लक्षणे. प्रत्येक सत्र चुलीपाशी व्हावे, संस्कृत वचने कमीत कमी असावीत, आणि मदतनीस बाजूला राहू नये. कारण पळी तिच्या हातात असते. पाळणाघरांसाठी हीच सत्रे शनिवारी दुपारी घेता येतील. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराच्या सोयीचे बंधन आले. औद्योगिक वसाहतींजवळील शाखांनी तिकडेही लक्ष द्यावे.

औषधालयचालकांस

‘मूल जेवत नाही, एखादे टॉनिक द्या’ ही मागणी आपल्याकडे रोज येते. बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : मूल दिवसभर कोठे असते? तेथे काय व केव्हा खाते? शेवटचे वजन केव्हा केले व किती भरले? दंडघेर मोजण्याची पट्टी दुकानात ठेवावी. पोषणचूर्णाच्या वेष्टनावर पहिला घटक साखर असेल तर ते खुशाल फळीवर मागे सरकवावे. मोड आलेल्या नाचणीचे पीठ, भाजलेल्या डाळीचे पीठ ही विक्रीस ठेवण्याजोगी द्रव्ये आहेत. परंतु अंगणवाडीत वा पाळणाघरात औषधांचे नमुने वाटू नयेत. शिकविणारा आणि विकणारा एकच झाला की शिकविलेल्याचे मोल उरत नाही.

उपसंहार

काश्यपांनी आहारास महाभैषज्य म्हटले. आपण ते वचन व्याख्यानांत सांगतो आणि चिकित्सापत्रावर मात्र कल्प लिहितो. संघटनेच्या प्रत्येक शाखेने येत्या वर्षात एक अंगणवाडी व एक पाळणाघर निवडावे, तीन महिने तेथे जावे, दरमहा वजनांची नोंद ठेवावी आणि जे घडले ते याच त्रैमासिकात कळवावे. वजने वाढली नाहीत तर तेही कळवावे, म्हणजे कारण शोधता येईल. दर चार बालकांमागे जे एक कृश आहे, त्याला कोणी तरी रोज वाटी वाढीत असते. त्या वाढणाऱ्या हातापर्यंत आपले शास्त्र पोहोचविणे, एवढेच काम आहे.